कंपवात आणि एक जनुक

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी मज्जाविकार विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना आमची दरवर्षी थोडी ओढाताण होते. विभागात किती रुग्ण तपासले, किती दाखल झाले, हे आकडे याच अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. त्यांची पुनरुक्ती करून आपला वेळ घेणे उचित नव्हे. यंदाचा विषय मात्र आम्ही निवडलेला नाही. तो एका रुग्णाच्या मुलीने आमच्या हाती दिला.

हे गृहस्थ निवृत्त तलाठी. आयुष्यभर सातबारा आणि फेरफारच्या नोंदी सुवाच्य अक्षरात केलेला हा माणूस. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी बँकेत निवृत्तिवेतनाच्या कागदावरची सही जुळेना, म्हणून त्यांना तीन वेळा परत पाठविण्यात आले. अक्षर बारीक होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होई. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्याप्रमाणे हलू लागत. आमच्या बाह्यरुग्ण विभागात कंपवाताचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि सही पुन्हा जुळू लागली. पहिली दोन वर्षे ते नियमितपणे येत. नंतर येईनासे झाले. सात-आठ महिन्यांनी आले ते स्ट्रेचरवरून, खुब्याचे हाड मोडून. गोळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या.

कारण विचारले तेव्हा घरचे गप्प राहिले. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने त्यांची धाकटी मुलगी एकटी आम्हाला भेटावयास आली. तिचे लग्न ठरत होते. ‘त्या घराण्यात कंपवात आहे’ हा शब्द गावात फुटू नये म्हणून वडिलांनीच रुग्णालयात येणे सोडले होते. या रोगाचे जनुक सापडले असून तो रक्तातून उतरतो, असे कोणीतरी मोबाइलवर पाठविलेले तिने वाचले होते. ती म्हणाली, “डॉक्टर, पहिल्या भेटीत तुम्ही बाबांना सांगितलं होतं, हे आनुवंशिक नसतं. मग हे काय? खरं असेल तर माझं रक्त तपासा. मी सासरच्यांना आधीच सांगेन. लपवून लग्न करायचं नाही मला.”

त्या दिवशी बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत होते. आम्ही पाच मिनिटांत उत्तर दिले, आणि ते उत्तर चुकीचे नसले तरी पुरेसे नव्हते हे तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळले. आज येथे जे सांगणार आहोत, ते त्या वेळी राहून गेलेले उत्तर आहे.

प्रथम रोगाविषयी थोडक्यात. लंडनमधील जेम्स पार्किन्सन या वैद्याने १८१७ मध्ये अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून याचे वर्णन लिहिले. त्यांपैकी काहींना त्याने केवळ रस्त्यात पाहिले होते. आपल्याकडे वैद्यकाला कंपवात हा शब्द परिचित आहे. मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा, नुसत्या डोळ्यांनाही काळसर दिसणारा भाग असतो. तेथील पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. त्या पेशी मरत गेल्या की हालचालींचा वेग आणि ओघ हरपतो. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकीविझ यांनी मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तूट मोजून दाखविली. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियस यांनी लेव्होडोपा तोंडावाटे मोठ्या मात्रेत देऊन रुग्णांना पुन्हा हालते-चालते केले. हेच लेव्होडोपा आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत असते. १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी ते तिच्यातून वेगळे काढले होते. (येथे एक विनंती. गोळ्यांबरोबर खाजकुइलीचे चूर्णही घेत असाल तर आम्हाला सांगा. आम्ही रागावणार नाही. परंतु एकच द्रव्य दोन वाटांनी पोटात जात असेल तर मात्रेचा हिशेब चुकतो.)

या साऱ्या प्रगतीत एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. त्या पेशी मरतात का?

येथे आमच्या चुकीचा उगम आहे, आणि त्या चुकीत आम्ही एकटे नव्हतो. १९८० च्या दशकात पाठ्यपुस्तके निःशंकपणे सांगत की कंपवात आनुवंशिक नाही. त्याला आधारही भक्कम होता. जुळ्यांचा एक मोठा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकरूप जुळ्यांची जनुके सारखीच असतात. रोग जनुकांतून येत असता तर एकाला झाला की दुसऱ्यालाही व्हावा. त्रेचाळीस जोड्यांपैकी निश्चितपणे दोघांनाही रोग झालेली जोडी एकच निघाली. या अभ्यासाच्या प्रमुखांपैकी एक होते रॉजर ड्युव्हॉइसिन. जनुकांचा या रोगाशी फारसा संबंध नाही, हे मत प्रस्थापित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आणि पुढे हेच ड्युव्हॉइसिन आपले मत बदलण्यास प्रवृत्त झाले. न्यू जर्सी येथील रॉबर्ट वुड जॉन्सन वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे सहकारी लॉरेन्स गोल्ब यांच्याकडे इटालियन वंशाच्या एका कुटुंबातील रुग्ण आले. त्या घरात अनेकांना कंपवात होता. पुढे आणखी एक असेच कुटुंब भेटले, आणि दोन्ही कुटुंबांचे मूळ गाव एकच निघाले. ते म्हणजे दक्षिण इटलीतील सालेर्नो प्रांतामधील कोन्तुर्सी, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले डोंगरातील छोटे गाव. मग नेपल्सच्या डॉक्टरांच्या साहाय्याने वंशावळ जुळविण्याचे काम सुरू झाले. कोण कोणाचा मुलगा, कोण परदेशी गेला, म्हातारपणी कोणाचे हात थरथरत. आपल्याकडील पंड्यांच्या वह्यांची आठवण व्हावी असे ते काम. १९९० मध्ये पहिला वृत्तांत प्रसिद्ध झाला. पुढे या एका घराण्यातील ज्ञात रुग्णांची संख्या साठावर गेली. आई किंवा वडील यांपैकी एकाला रोग असेल तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत निम्मी शक्यता, असा तो पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता. सरासरी शेहेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे नेहमीच्या कंपवातापेक्षा पुष्कळच लवकर, तो सुरू होई.

या घराण्यातील माणसांनी रक्त दिले. काहींच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी मेंदूही तपासणीसाठी दिले. त्यामुळेच हा रोग नुसता कंपवातासारखा दिसणारा नसून सूक्ष्मदर्शकाखालीही कंपवातच आहे, हे सिद्ध होऊ शकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानवी जनुकसंच संशोधन संस्थेत मिहाएल पॉलिमेरोपुलॉस आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोषाची जागा चौथ्या गुणसूत्राच्या एका भागात निश्चित केली. जून १९९७ मध्ये त्यांनी नेमके जनुक सांगितले. कोन्तुर्सीच्या घराण्यात आणि तीन ग्रीक कुटुंबांत तोच एक बदल सापडला. जनुकाचे नाव एस.एन.सी.ए., आणि ते जे प्रथिन घडविते त्याचे नाव अल्फा-सिन्यूक्लिन.

बदल तरी केवढा? मराठी माणसाला हे सांगण्यास फार सायास पडू नयेत. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या जनुकाच्या लिखाणात एका ठिकाणी ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘ए’ आले होते. परिणामी १४० अमिनो आम्लांच्या त्या माळेत त्रेपन्नाव्या जागी अॅलनिनऐवजी थ्रिओनिन हा मणी ओवला गेला. एवढ्यानेच घराणेच्या घराणे कंपित झाले.

यात एक विलक्षण गोष्ट आहे. उंदराच्या अल्फा-सिन्यूक्लिनमध्ये त्रेपन्नाव्या जागी मुळातच थ्रिओनिन असते, आणि त्याचे त्यावाचून काही बिघडत नाही. जे आपल्याला पन्नाशीच्या आत अंथरुणाला खिळविते, ते उंदीर जन्मतः घेऊन फिरतो. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. कदाचित त्याला रोग होण्याइतका वेळच मिळत नसावा. प्रयोगशाळेतील उंदरावरून माणसाचे अनुमान काढताना जपावे ते एवढ्याचसाठी.

हे प्रथिन शास्त्रज्ञांना नवे नव्हते. १९८८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड शेलर यांच्या प्रयोगशाळेने ते प्रथम वर्णिले, आणि तेही टॉर्पेडो नावाच्या विद्युतमाशातून. हा मासा भक्ष्याला विजेचा झटका देतो. त्याच्या विद्युतअवयवात मज्जातंतूंचे सांधे इतके दाटीने असतात की सांध्यांचा अभ्यास करणाऱ्यास ती खाणच वाटावी. दोन मज्जापेशींच्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात; हे प्रथिन सिनॅप्समध्ये आणि पेशीच्या केंद्रकाच्या, म्हणजे न्यूक्लिअसच्या, भोवतीही दिसले, म्हणून ‘सिन्यूक्लिन’. केंद्रकाचा भाग पुढे तितकासा महत्त्वाचा ठरला नाही. नाव मात्र टिकले. १९९३ मध्ये याच प्रथिनाचा एक तुकडा अल्झायमर रोग्यांच्या मेंदूतील साक्यात सापडला. १९९५ मध्ये ते झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूत आढळले. पिल्लू गाणे शिकत असते त्या काळात गाण्याशी संबंधित भागातील त्याचे प्रमाण बदलते असे दिसले. मासा, म्हातारपणचा विसर आणि पाखराचे गाणे अशा तीन वेगळ्या वाटांनी आलेली माहिती दप्तरी पडून होती. कोन्तुर्सीच्या घराण्याने ती एका जागी आणली.

आता दुसरा धागा. १९१२ मध्ये फ्रिट्झ लेवी या जर्मन डॉक्टरांनी, म्युनिक येथे अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम करताना, कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील पेशींत गोल गोळे पाहिले. सात वर्षांनी ट्रेतियाकॉफ यांनी पॅरिसमध्ये ते सबस्टॅन्शिया नायग्रात दाखवून त्यांना लेवी पिंड हे नाव दिले. गोळा आहे हे सर्वांना माहीत. तो कशाचा आहे हे पंचाऐंशी वर्षे निश्चित कोणालाच सांगता आले नाही. पॉलिमेरोपुलॉस यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर केंब्रिज येथील मारिया ग्राझिया स्पिलान्तिनी आणि मिशेल गोडर्ट यांनी, ज्यांनी हे मानवी प्रथिन आधीच अभ्यासले होते, साध्या कंपवाताच्या रुग्णांचे मेंदू त्या प्रथिनासाठी तपासले. त्यांच्या घराण्यात कोणालाही रोग नव्हता, जनुकात दोषही नव्हता. तरीही लेवी पिंड अल्फा-सिन्यूक्लिननेच भरलेले निघाले. ऑगस्ट १९९७ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

या दोन शोधांतील फरक आपण नीट लक्षात घ्यावा, कारण त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जनुकात दोष असलेली घराणी जगात मोजकी आहेत. परंतु ते जनुक ज्या प्रथिनाचे, ते प्रथिन जवळजवळ प्रत्येक कंपवाताच्या रुग्णात बिघडलेले असते. जनुक बिघडले तर प्रथिन बिघडते हे खरे. प्रथिन बिघडले म्हणजे जनुक बिघडलेलेच असले पाहिजे, असे मात्र नाही. ‘कंपवाताचे जनुक सापडले’ या वृत्तपत्री मथळ्यात हा फरक नाहीसा होतो.

मग निर्दोष जनुकातून आलेले प्रथिन का बिघडावे? याचे आंशिक उत्तर २००३ मध्ये मिळाले. अमेरिकेतील आयोवा येथील एका घराण्यात रोग तिशी-चाळिशीत येई आणि बुद्धिभ्रंशही होई. अँड्र्यू सिंगलटन आणि सहकाऱ्यांनी पाहिले तो जनुकात अक्षराचाही बदल नव्हता. मात्र एका गुणसूत्रावर तेच जनुक ओळीने तीनदा लिहिलेले होते. दुसऱ्या गुणसूत्रावरील एक धरून एकूण प्रती चार. पुढच्याच वर्षी इतरत्र अशी कुटुंबे सापडली की ज्यांत एकूण प्रती तीन होत्या. त्यांचा रोग उशिरा सुरू होई आणि पुष्कळदा नेहमीच्या कंपवातासारखा चाले. म्हणजे प्रथिन शुद्ध असले तरी अति झाले की घात करते. आमटीत मीठ चांगलेच असते. चौपट पडले की तेच ताटावरून उठविते. पुढे हजारो रुग्णांच्या जनुकसंचांची तुलना झाली तेव्हाही, घराण्यात रोग नसलेल्या रुग्णांत, एस.एन.सी.ए. जनुकाच्या परिसरातील छोटे भेद रोगाची शक्यता किंचित वाढवितात असे दिसले. किंचित, हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरतो.

मुळात या प्रथिनाचे काम काय? ते मज्जापेशीच्या टोकाशी असते. तेथे रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या रांगेत उभ्या असतात. संदेश आला की त्या फुटून रसायन पलीकडच्या पेशीकडे जाते. पिशव्या भिंतीला चिकटविणारी प्रथिनांची एक यंत्रणा आहे, तिची जुळणी करण्यास अल्फा-सिन्यूक्लिन साहाय्य करते, असे २०१० मध्ये थॉमस स्यूडहॉफ यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. ज्या उंदरांतून हे जनुक काढून टाकले ते जगले, वाढले, वरवर पाहता बरेही राहिले. म्हणजे ते अपरिहार्य नसून उपयुक्त असावे. त्याचा विशेष असा की त्याला स्वतःचा ठाम आकार नाही. पाण्यात सुट्या दोऱ्यासारखे तरंगते, पिशवीच्या पटलावर बसले की मळसूत्रासारखे वळते, आणि नको त्या वेळी एकमेकांना चिकटले की न विरघळणारे तंतू होतात. पेशीची सफाई व्यवस्था धडधाकट असेल तर असे तंतू होण्याआधीच त्यांचा निचरा होतो. वय वाढले की सफाई मंदावते. गोशे नावाच्या दुर्मीळ आजाराशी संबंधित असलेल्या जी.बी.ए. जनुकाची एक प्रत सदोष असलेल्यांना कंपवात अधिक होतो, हे २००९ मध्ये अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासाने पक्के केले. ते जनुक पेशीच्या कचराकोठारातील एका विकराचे आहे, हा योगायोग नसावा.

या तंतूंचा आणखी एक गुण अस्वस्थ करणारा आहे. बिघडलेला तंतू शेजारच्या चांगल्या प्रथिनाला आपल्यासारखे करून घेतो. दुधात विरजण पडावे तसे. पूर्वी काही रुग्णांच्या मेंदूत गर्भातील मज्जापेशींचे रोपण केले गेले होते. ते रुग्ण अकरा ते सोळा वर्षांनी निधन पावल्यावर त्या तरुण, परक्या पेशींतही लेवी पिंड सापडले. २००८ मध्ये हे वृत्त आले तेव्हा आमच्यापैकी अनेकांना प्रथम त्यावर विश्वास ठेवणे जड गेले. जर्मनीतील हाइको ब्राक यांनी २००३ मध्येच मांडले होते की हे विरजण पुष्कळदा वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात प्रथम लागते, आणि तेथून वर चढत सबस्टॅन्शिया नायग्रापर्यंत पोहोचते. सर्वच रुग्णांत हा क्रम पाळला जातो असे नाही. परंतु आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांना त्यात आपली कहाणी दिसते. पत्नी सांगते, थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. फोडणी करपली तरी यांना वास यायचा नाही. पोट साफ व्हायचे नाही. (बद्धकोष्ठ म्हणजे कंपवाताची चाहूल, असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. तसे असते तर हे सभागृह पुरले नसते.)

उपचारांबाबत आम्हाला सावधपणेच बोलले पाहिजे. अल्फा-सिन्यूक्लिनला पकडणारी प्रतिपिंडे शिरेवाटे देऊन रोगाची गती रोखता येईल, अशी मोठी आशा होती. अशा दोन औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात रोगाच्या वाटचालीत अपेक्षित फरक पडला नाही. त्यांपैकी एकाची पुढची चाचणीही २०२४ च्या अखेरीस मुख्य कसोटीस उतरली नाही, तरी काही उपलक्षणांवरून उत्पादकांनी २०२५ मध्ये पुढच्या टप्प्याला जाण्याचे जाहीर केले. तेव्हा रोग मुळापासून थांबविणारे औषध आज नाही. अशा औषधाच्या नावाने कोणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नये. लेव्होडोपा, व्यायाम, वाचोपचार, योग्य रुग्णांत मेंदूतील विद्युतउत्तेजनाची शस्त्रक्रिया, एवढे आपल्या हाती आहे, आणि ते थोडे नाही. तलाठीसाहेबांची सही जुळली ती त्यामुळेच.

निदानात मात्र एक पाऊल पुढे पडले आहे. पाठीच्या कण्यातील पाण्यात विरजण लावणारे तंतू आहेत किंवा नाहीत, हे पाहणारी चाचणी आता झाली आहे. २०२३ मध्ये अकराशेहून अधिक व्यक्तींवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंपवाताच्या रुग्णांपैकी सुमारे ८८ टक्क्यांत ती होकारार्थी आली. त्यातही एक मेख होती. एल.आर.आर.के.२ या दुसऱ्या जनुकात दोष असलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एक तृतीयांशांत ती नकारार्थी होती. म्हणजे कंपवात नावाच्या एका पाटीखाली एकाहून अधिक रोग नांदत असावेत. या चाचणीच्या आधारे रोगाची व्याख्याच बदलावी, असे प्रस्ताव २०२४ मध्ये आले आणि त्यावर वाद चालू आहे. आमचे मत असे की संशोधनासाठी हे योग्य आहे. लक्षणे नसलेल्या माणसाला त्याच्या पाठीतले पाणी काढून भविष्य सांगण्याची वेळ अद्याप आलेली नाही. सांगून द्यायचे काय, हा प्रश्न उरतोच.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. मुंबईच्या पारशी वसाहतींतील चौदा हजारांवर लोकांची घरोघर पाहणी करून डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो आजही जगभर उद्धृत होतो. दर लाखात ३२८ रुग्ण. तो समाज वयस्क, म्हणून आकडा मोठा, हे ध्यानात घेतले पाहिजे. कोन्तुर्सीचा जनुकदोष मात्र आपल्याकडे फारच क्वचित आढळतो. आमच्या विभागात आम्ही घराण्याचा इतिहास विचारतो तो वेगळ्या कारणासाठी. पार्किन नावाचे एक जनुक जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये शोधले. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तरच रोग होतो, आणि तो बहुधा तरुणपणी होतो. नात्यातील लग्नांत दोन सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रीत आहे. म्हणून पस्तिशीच्या रुग्णाला आम्ही “आई-वडील नात्यातले का?” असे विचारले, तर त्यात रीतीची निंदा नसते.

या पार्श्वभूमीवर त्या मुलीला आम्ही दुसऱ्या भेटीत काय सांगितले ते निवेदन करतो. या वेळी शनिवारी दुपारी, बाहेर कोणी नसताना बसलो.

“ताई, तुमच्या वडिलांना रोग त्रेसष्टाव्या वर्षी सुरू झाला. आजोबा, आत्या, काका कोणालाही नव्हता. अशा रुग्णांत एकाच जनुकाचा दोष सापडण्याचा संभव अल्प असतो. सर्व रुग्ण धरले तरी तसे रुग्ण शंभरात पाच-दहाच. रुग्णाच्या मुलांना इतरांपेक्षा शक्यता दोन-तीन पट असते. पण मुळात ती शक्यता इतकी लहान की दोन-तीन पट होऊनही शंभरातील नव्वदाहून अधिक मुलांना हा रोग होत नाही. ‘आनुवंशिक नसतं’ असे आम्ही सांगितले होते, ते तितकेसे बरोबर नव्हते. ‘बहुधा नसतं’ असे म्हणावयास हवे होते. तुमचे रक्त तपासू नये असे आम्हाला वाटते. तपासायचेच तर आधी वडिलांचे, तेही त्यांची इच्छा असेल तर. त्यांच्यात काही न सापडता तुमच्यात शोधणे म्हणजे कोणत्या गावाची वाट विचारायची हे न ठरवता चालू लागणे.”

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हे रुग्णालयाच्या लेटरहेडवर लिहून द्याल का?”

या मागणीने आम्ही पेचात पडलो. एखादी निरोगी मुलगी पुढे आजारी पडणार नाही, असे प्रमाणपत्र कोणत्याही डॉक्टरला देता येत नाही. ना तिच्याविषयी, ना नवऱ्या मुलाविषयी. तसे एकदा देऊ लागलो तर उद्या प्रत्येक स्थळाबरोबर ते मागितले जाईल, आणि ज्या मुलींना ते मिळणार नाही त्यांचे काय, हाही विचार होता. आम्ही नकार दिला. तिला तो आवडला नाही, आणि आम्ही तिला दोष देत नाही. त्याऐवजी आम्ही एवढेच सुचविले की तिची आणि तिच्या वडिलांची संमती असेल तर दोन्ही घरच्या मंडळींनी आमच्याकडे यावे. विचारतील त्याची उत्तरे आम्ही देऊ.

पंधरवड्याने सात माणसे आली. तासभर बसली. तलाठीसाहेब वॉकर घेऊन, गोळी वेळेवर घेऊन, स्वतः चालत आले आणि सर्वांत अधिक प्रश्न त्यांनीच विचारले. विद्युतमाशाची गोष्ट त्यांना फार आवडली. लग्नाचे पुढे काय झाले ते येथे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

त्या बैठकीनंतर विभागाने विश्वस्तांकडे एक प्रस्ताव ठेवला आणि त्यांनी तो मान्य केला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कंपवाताच्या रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी विनाशुल्क सल्ला उपलब्ध असेल. रुग्णाला बरोबर आणलेच पाहिजे असे नाही. केस पेपर असल्यास आणावा, नसल्यास नुसते यावे. जनुकतपासणी करावी किंवा कसे, याची चर्चा तेथेच होईल. तपासणी मात्र दोन भेटींखेरीज आणि लेखी संमतीखेरीज लिहून दिली जाणार नाही, असा नियम आम्ही स्वतःसाठी केला आहे. बाह्यरुग्ण विभागाच्या मागील दाराने यावे. पुढचे दार त्या वेळी बंद असते.